फिटर पाहिजे, पण पगार विचारू नका

परवा रात्री साडेदहाला चुलतभावाचा मेसेज आला. "दादा, फिटर भरू का? उद्या शेवटची तारीख हाये."

तो यंदा दहावी झाला. ६८ टक्के. गाव देवरीपासून नऊ किलोमीटरवर, घरी तीन एकर धान आणि एक म्हैस. काकाजींचं मत ठरलेलं आहे: बारावी कर आणि पोलीस भरतीची तयारी कर. पोराला मात्र पंप, मोटार, पंखा असं काही उघडून बसायला आवडतं. बंद पडलेला स्प्रे पंप त्याने दोनदा सुरू करून दिलाय. म्हणून त्याने मला विचारलं, कारण आमच्या घराण्यात फिटर मी एकटाच. आयटीआय करून अकरा वर्षं झाली.

मला "हो" किंवा "नाही" लिहिता आलं नाही. मी रात्रपाळीला होतो. "सकाळी सांगतो" असं टाकलं आणि पाळीभर तोच विचार करत राहिलो. हा लेख म्हणजे त्या विचाराची बेरीज आहे.

आधी फिटर म्हणजे कोण ते सांगतो, कारण शहरातल्या बऱ्याच वाचकांना फिटर म्हणजे नळ दुरुस्त करणारा वाटतो. कारखान्यात जे जे फिरतं, उचलतं, दळतं, ढकलतं ते बसवणारा, सरळ रेषेत आणणारा आणि बिघडलं की पुन्हा चालू करणारा माणूस म्हणजे मेंटेनन्सचा फिटर. इंग्रजीत याच कुळातला एक शब्द आहे, मिलराइट. मूळचा अर्थ पाणचक्की आणि पवनचक्की बांधणारा सुतार. कॅनडात आजही 'इंडस्ट्रियल मेकॅनिक (मिलराइट)' हा देशभर मान्यता असलेला व्यवसाय आहे. आमच्याकडे राइस मिलमध्ये त्यालाच मिस्त्री म्हणतात. मोटार आणि पंप यांचे शाफ्ट एका रेषेत आहेत की नाही हे आम्ही डायल लावून पाच शतांश मिलिमीटरपर्यंत बघतो. फरक जास्त राहिला तर कपलिंग तापतं, बेअरिंग ओरडायला लागतं आणि शेवटी मशीन बसतं.

आता मुद्द्यावर येतो. गेली कित्येक वर्षं एक वाक्य तुम्ही ऐकत असाल: "देशात कुशल कामगारांचा तुटवडा आहे." उद्योजक म्हणतात, मंत्री म्हणतात, व्हॉट्सॲपवरचे मोटिव्हेशनवाले म्हणतात. माझं म्हणणं असं की हे वाक्य खोटं आहे. तुटवडा आहे तो जागांचा. कौशल्याची गरज रोज आहे, पण त्या गरजेला पद, पगार आणि नाव द्यायची तयारी नाही. ती तयारी लपवायला "तुटवडा" हा शब्द फार सोयीचा आहे, कारण त्यात दोष आपोआप पोरांकडे जातो.

पुरावा मागाल, म्हणून रेल्वेचं उदाहरण देतो. जानेवारी २०२४ मध्ये असिस्टंट लोको पायलटच्या ५,६९६ जागांची जाहिरात निघाली. फिटर, इलेक्ट्रिशियन, मिलराइट, असे आयटीआयवाले या जागांना चालतात. देशभरातली पोरं ओरडली, आंदोलनं झाली, आणि काही महिन्यांत रेल्वेने त्याच भरतीच्या जागा १८,७९९ केल्या. तिपटीहून जास्त. त्या काही महिन्यांत पोरांचं कौशल्य तिप्पट झालं होतं का? रेल्वेची इंजिनं तिप्पट झाली होती का? काम तेव्हाही तेवढंच होतं. फक्त जागा भरायच्या असं ठरलं.

माझा स्वतःचा हिशोब मांडतो. आयटीआय झाल्यावर एक वर्ष अप्रेंटिस, मग शटडाऊनची कामं. शटडाऊन म्हणजे प्लांट वीस-पंचवीस दिवस बंद ठेवून सगळं उघडायचं, झिजलेलं बदलायचं आणि बंद करून द्यायचं. ठेकेदार गाडी भरून पोरं नेतो. काम संपलं की ट्रेनने परत. छत्तीसगड, ओडिशा, गुजरात असं फिरलो. सात वर्षांपूर्वी विदर्भातल्याच एका कारखान्यात लागलो. नाव लिहीत नाही, उद्या त्याच गेटमधून आत जायचं आहे. सात वर्षं तेच गेट, तेच मशीन, तोच टूलबॉक्स. गेटपासवर मात्र आतापर्यंत चार ठेकेदारांची नावं आली. ठेका बदलला की आम्ही जागचे हलत नाही, फक्त कागदावर नवे होतो. ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्यात पाच वर्षांच्या सलग नोकरीची अट होती. सात वर्षं मी एकाच मशीनपाशी उभा आहे, पण कोणत्याही एका मालकाकडे पाच वर्षं भरलेली नाहीत.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री दोनला कन्व्हेयरचा गिअरबॉक्स अडकला. कोळसा पुढे जाईना. आम्ही चौघांनी चिखलात बसून पहाटे साडेपाचपर्यंत तो उघडला, बेअरिंग बदललं, जुळवणी केली, चालू करून दिला. सकाळी लॉगबुक बघितलं. ज्या साहेबांनी फोनवरून "झालं का?" एवढंच विचारलं होतं त्यांचं नाव तिथे होतं. आमच्यासाठी लिहिलं होतं: "ठेकेदाराचे मनुष्यबळ, ४."

मला त्या साहेबांचा राग नाही. ते लिहायचा रकानाच तसा छापलेला आहे. राग आहे तो रकाना छापणाऱ्या व्यवस्थेचा.

आता या "मनुष्यबळ ४" ची किंमत काय, ते आमच्याच जिल्ह्यातला आकडा घेऊन बघू. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, ६६० मेगावॅटचे पाच संच. ६६० मेगावॅटचा कुठलाही संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर १ कोटी ५८ लाख ४० हजार युनिट वीज होते. युनिटला चार रुपये धरून पाहा: दिवसाला सहा कोटींच्या वर. असा संच एका बेअरिंगपायी थांबू शकतो. जो माणूस तो थांबू देत नाही किंवा थांबलेला दोन तास आधी सुरू करतो, त्याच्या कामाची किंमत या आकड्यातून काढा. मग ठेकेदारीतल्या फिटरला दिवसाला काय हजेरी मिळते ते तुमच्या ओळखीच्या कुणालाही विचारा.

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. केंद्र सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीनुसार २०२२-२३ मध्ये संघटित कारखान्यांतल्या कामगारांपैकी सुमारे ४० टक्के कंत्राटी होते. या शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण त्याच्या जवळपास निम्मं होतं. म्हणजे मी जन्मल्यापासून आतापर्यंत कारखाने वाढले, मशीन वाढली, आणि "नोकरी" आकसत गेली.

देवरीतून महामार्ग ५३ ने पूर्वेला निघालं की राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला तिथला पोलाद कारखाना, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. आमच्या भागातल्या जुन्या माणसांसाठी "भिलाईला लागला" म्हणजे आयुष्याचं कल्याण. जोनाथन पॅरी या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने तिथल्या कामगारांचा कित्येक वर्षं अभ्यास केला, २०२० मध्ये त्याचं जाडजूड पुस्तक आलं. त्याचा एक मुद्दा आमच्या पोरांना पुस्तक न वाचताही पाठ आहे. तिथे कामगार एक नाहीत, दोन आहेत. एकाकडे 'नोकरी' आहे, दुसऱ्याकडे 'काम'. भट्टी तीच, उष्णता तीच, पण एकाच्या पोराला चांगली शाळा आणि दुसऱ्याच्या पोराला बापाचाच ठेकेदार. आमच्याकडेही सोयरीक जुळवताना हेच विचारतात: "पोरगा नोकरीवर आहे का कामाला जाते?"

आता समोरच्या बाजूचं ऐकू, कारण तीही बाजू आहे.

पहिला आक्षेप कारखानदारांचा: "आयटीआयच्या पोरांना काही येत नाही." यात तथ्य आहे. मी बाहेर पडलो तेव्हा मला फाइल मारता येत होती, व्ही-ब्लॉक करता येत होता, पण हायड्रॉलिकचं ड्रॉइंग वाचता येत नव्हतं. ते मी शिकलो एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडून. तो स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि म्हणायचा, "बाबू, मशीन बोलते. तू आयकत नाहीस." पण हे शिकवायची जबाबदारी कोणाची? १९६१ चा अप्रेंटिस कायदा आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन ५ ते ९ हजारांच्या दरम्यान ठरलं, त्यातला काही वाटा सरकार भरतं. इतक्या स्वस्तात माणूस मिळतो, तर त्याला शिकवायला काय हरकत? प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी अप्रेंटिस म्हणजे झाडू, चहा आणि पाने उचलून देणे. वर्ष संपलं की नवा अप्रेंटिस. कायद्याचं कलम २२ मालकावर अप्रेंटिसला नोकरी द्यायचं बंधन घालत नाही. २०१४ च्या दुरुस्तीने फक्त एवढं म्हटलं की भरतीचं धोरण मालकाने स्वतः ठरवावं. ज्याला ठेवायचंच नाही त्याला कोण शिकवेल?

दुसरा आक्षेप छोट्या मालकांचा आहे आणि तो जास्त प्रामाणिक आहे. गोंदिया जिल्हा म्हणजे धान आणि राइस मिल. मिलवाले सेठ म्हणतात, "बारा महिने मिस्त्री ठेवायला मला परवडत नाही." खरं आहे. सरकारी धानाच्या भरडाईला केंद्राचा दर अरव्यासाठी क्विंटलला १० रुपये आणि उसन्यासाठी २० रुपये, वर्षानुवर्षं तोच. राज्य त्यात आपली भर घालतं तेव्हा गाडं चालतं. धान हंगामात येतो, मध्ये मिल बंद असते.

पण याच मिलमध्ये फिटरची किंमत सगळ्यात स्वच्छ दिसते. अरव्यासाठी सरकारला क्विंटलभर धानामागे ६७ किलो तांदूळ द्यावा लागतो. शेलरमध्ये रबराचे दोन रोल उलट दिशेने, वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि त्यांच्यामधल्या फटीतून धान जाताना तूस सुटतं. फट जास्त घट्ट झाली की दाणा मोडतो आणि कणी वाढते. सैल झाली की धान तसाच पुढे जातो आणि परत फिरवावा लागतो. रोल रोज झिजतात, फट रोज बदलते. सेठचा नफा आणि तोटा केसाएवढ्या त्या जागेत आहे आणि ती जागा सांभाळणारा माणूस हंगामापुरता, तोंडी ठरवलेल्या पैशांवर आहे. एका सेठला परवडत नाही, मान्य. पण आठ मिलनी मिळून महिन्याचे तीन-तीन दिवस वाटून घेतले तर चोवीस दिवस भरतात. एका फिटरची बारमाही नोकरी उभी राहते, आणि मिल बंद असते ते महिने तर खोलून दुरुस्त करायचेच महिने असतात. ट्रॅक्टर भाड्याने वाटून घेणाऱ्या गावांना हे गणित समजावून सांगावं लागू नये.

तिसरा आक्षेप तुमच्या पिढीचा: "एआय येतोय, सेन्सर येतायत, फिटरचं काय राहणार?" आमच्याकडे आले सेन्सर. पंपावर चिकटवलेली छोटी डबी कंपनं मोजते आणि मोबाइलवर सांगते की बेअरिंग तीन आठवड्यांत जाणार आहे. चांगली वस्तू आहे, माझा कान रात्रभर तिथे नसतो. पण ती डबी बेअरिंग बदलत नाही. त्यासाठी अजूनही कोणाला तरी तेलात हात घालावे लागतात. सेन्सर समजणारा आणि पान्हा धरणारा माणूस एकच असेल तर त्याची किंमत वाढेल. मात्र ती त्याच्या खिशात जाईल की ठेकेदाराच्या, हे कुठलाही सेन्सर ठरवत नाही.

आता सरकारकडे वळतो. आयटीआयच्या पात्र विद्यार्थ्याला महाराष्ट्रात किती विद्यावेतन मिळत होतं माहीत आहे? महिना ४० रुपये. कित्येक दशकं. २०२३ मध्ये ते ५०० करायचं ठरलं. इतकी वर्षं हा आकडा कोणाच्या डोळ्यांत खुपला नाही, यातूनच कळतं की हा अभ्यासक्रम कोणाच्या पोरांसाठी मानला जातो. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने पीएम-सेतू योजना सुरू केली, ६० हजार कोटी रुपये, १,००० सरकारी आयटीआयचं आधुनिकीकरण. नवी यंत्रं येणार असतील तर आनंदच आहे. पण हा सगळा पैसा पोराला तयार करण्यावर आहे. तयार झालेल्या पोराला कोण, कोणत्या पदावर, किती पगारावर घेणार, हा प्रश्न त्यानंतरचा आणि तो बाजारावर सोडलेला. मी म्हणतो, आयटीआयचा निकाल परीक्षेवर लावू नका. तीन वर्षांनी तिचे विद्यार्थी कुठे आहेत, नोकरीवर की कामावर, ते मोजा आणि दारावर लावा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात एक गोष्ट आमच्या कामाची आहे: प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र. दुसरी गोष्ट ऐकायला गोड आहे: आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नको. पण लगेच मुख्य कामात काय धरायचं नाही याची यादी आहे आणि त्यात बांधकाम-देखभाल आणि खंडित स्वरूपाची कामं यांच्यासाठी दार किलकिलं आहे. मशीन चालवणं मुख्य आणि मशीन चालतं ठेवणं दुय्यम, असं म्हणायला जागा आहे. आमचा झगडा तिथे होणार आहे. रोज लागणारी मेंटेनन्स हे मुख्य कामच आहे, हे मान्य करून घ्यावं लागेल. ते एकट्या फिटरला जमणार नाही, संघटनेशिवाय होणार नाही.

आणि शेवटी आपण. पहाटे साडेचारला देवरीत महामार्गाच्या कडेने पोरं पळताना दिसतात. १६०० मीटरची तयारी. मी त्यांना हसत नाही, मीही दोन वर्षं पळलो. पण आपल्या घरांनी एक चूक केली. वर्दीला नोकरी मानलं आणि पान्ह्याला शिक्षा. "शिकला नाही म्हणून आयटीआयला टाकला" हे वाक्य आपणच घरोघर बोललो. ज्या कामाला आपलेच लोक मान देत नाहीत, त्याला ठेकेदार कशाला भाव देईल? आपण स्वस्तात विकलं, त्याने स्वस्तात घेतलं.

सकाळी पाळी सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवरून मी चुलतभावाला फोन केला. काकाजी शेजारीच होते, स्पीकर लावायला सांगितला. जे बोललो ते इथे लिहितो.

"भर. फिटरच भर, पहिल्या पसंतीला. पण नुसता पास होऊ नकोस. ड्रॉइंग वाचायला शिक. हायड्रॉलिक, पीएलसी जिथे दिसेल तिथे डोकं घाल. रेल्वेच्या, वीज कंपन्यांच्या जाहिराती बघत राहा, जागा अचानक वाढतात आणि अचानक संपतात. ठेकेदाराकडे गेलास तर पहिल्या दिवशी नियुक्तिपत्र माग. पीएफचा नंबर स्वतःकडे ठेव, दर महिन्याला पासबुक तपास. सोडताना अनुभवाचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय गेटपास परत देऊ नकोस, ते मागायचा तुझा हक्क आहे. आणि एक वही ठेव. कोणत्या तारखेला कोणतं मशीन उघडलं, काय बदललं, सगळं लिही. त्यांच्या लॉगबुकात तुझं नाव नसेल. तुझ्या वहीत असू दे."

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग काकाजींचा आवाज आला. "आणि लग्नाच्या वेळी पोरीवाल्यांना का सांगू? नोकरी म्हणू का काम?"

मला उत्तर आलं नाही. अकरा वर्षं झाली, माझ्याकडेही ते नाही. पण हा प्रश्न आता काकाजींनी मला विचारायचा नाही. आम्ही फिटरांनी मिळून तो गेटच्या आत विचारायचा आहे.

दुपारी पोराचा मेसेज आला. फॉर्म भरल्याचा स्क्रीनशॉट. खाली लिहिलं होतं, "वही कोणती घेऊ, शंभर पानी का दोनशे पानी?"

दोनशे पानी घे, म्हटलं.